‘सुरक्षित’ शिक्क्याची बोअरवेल : हॅवलॉक नॉर्थ, ऑगस्ट २०१६

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पूर्व किनाऱ्याला हॉक्स बे नावाचा प्रदेश आहे. द्राक्षमळे, सफरचंदाच्या बागा आणि मेंढ्यांची कुरणं यांचा हा मुलूख. इथल्या गावांची नावं मराठी वाचकाला विनाकारण ओळखीची वाटतील: क्लाइव्ह, हेस्टिंग्ज, नेपियर. कंपनी सरकारच्या काळातली बरीचशी मंडळी या एका पट्ट्यात नकाशावर जाऊन बसली आहेत. त्यातलंच एक हॅवलॉक नॉर्थ, १८५७ मध्ये कानपूर-लखनौच्या लढायांत नाव झालेल्या सेनापती हॅवलॉकच्या नावाचं. वस्ती साधारण १४ हजार. खाऊन-पिऊन सुखी गाव, निवृत्त होऊन राहायला आलेले लोक पुष्कळ.

या गावाला पिण्याचं पाणी मिळायचं ते जमिनीखालून. गावाबाहेर ब्रुकव्हेल रस्त्याला कौन्सिलच्या बोअरवेल होत्या. तिथून उपसलेलं पाणी थेट नळाला जायचं. मधे ना गाळणी, ना अतिनील दिवे, ना क्लोरिन. हा निष्काळजीपणा आहे असं तिथे कुणाला वाटत नव्हतं, उलट त्याचा अभिमान होता. पाणी जमिनीच्या पोटातून येतं, निर्मळ आहे, त्यात औषध कशाला घालायचं? आणि नियमाच्या चौकटीतही ते बसत होतं, कारण या बोअरवेलींना ‘सुरक्षित’ असा अधिकृत दर्जा मिळालेला होता.

५ आणि ६ ऑगस्ट २०१६ ला तिथे धो धो पाऊस झाला. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा. त्यानंतरच्या आठवड्यात गावात जुलाब, पोटात मुरडा, ताप यांनी माणसं आडवी होऊ लागली. शाळांमधली गैरहजेरी अचानक वाढली, दवाखान्यांत आणि इस्पितळात एकाच तक्रारीचे रुग्ण येऊ लागले. शुक्रवारी, १२ तारखेला, या बातम्या आणि पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठा मिसळल्याची खूण मानला जाणारा जंतू, सापडल्याचा प्रयोगशाळेचा निरोप एकत्र आले. त्याच दिवशी पाण्यात क्लोरिन सोडायला सुरुवात झाली आणि संध्याकाळी ‘पाणी उकळून प्या’ असा इशारा निघाला. पावसाला तोवर जवळजवळ आठवडा उलटला होता. जे पाणी प्यायचं ते पिऊन झालं होतं.

रोगजंतू होता कॅम्पिलोबॅक्टर. सरकारी चौकशीच्या वेळचा अंदाज असा की १४ हजारांपैकी ५,५०० माणसं आजारी पडली. पुढे शास्त्रज्ञांनी अधिक बारकाईने हिशेब केला तेव्हा आकडा ६,२६० ते ८,३२० च्या दरम्यान गेला, आणि त्यातले २,२३० पर्यंत लोक या नळांच्या हद्दीबाहेर राहणारे होते: कामाला आलेले, पाहुणे आलेले, हॉटेलात जेवून गेलेले. डॉक्टरांकडे नोंदलेले रुग्ण त्यातले जेमतेम ९५३. चाळीसहून अधिक जणांना इस्पितळात दाखल करावं लागलं. तिघांना गुलेन-बॅरे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार, म्हणजे आपल्याकडे २०२५ पासून घरोघरी माहीत झालेला जीबीएस, झाला. किमान चार मृत्यूंचा संबंध या साथीशी जोडला गेला.

एका श्रीमंत, कमी लोकसंख्येच्या, कायद्याने चालणाऱ्या देशात हे घडलं. पाणीपुरवठ्यातली जोखीम कशी हाताळायची याच्या योजना लेखी स्वरूपात असाव्यात, हा आग्रह धरणाऱ्या पहिल्या काही देशांत न्यूझीलंडचं नाव येतं. २००७ च्या कायदादुरुस्तीने तर मोठ्या पुरवठादारांना अशी योजना सक्तीची केली होती. म्हणजे अज्ञान हे कारण इथे लागू पडत नाही. म्हणूनच हे प्रकरण अभ्यासायला घ्यावंसं वाटतं.

पाणी आत आलं कुठून?

ब्रुकव्हेलची पहिल्या क्रमांकाची बोअरवेल आणि मांगातेरेतेरे नावाचा ओढा यांत अंतर फक्त ९० मीटर. ओढ्याला लागून एक तळं आहे, आणि आजूबाजूला मेंढ्या चरायच्या. मेंढीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर सुखाने राहतो, मेंढीला त्याचा सहसा त्रास होत नाही. त्या दोन दिवसांच्या पावसात कुरणं पाण्याखाली गेली, लेंड्या धुऊन निघाल्या आणि ते पाणी तळ्यात उतरलं. तळ्यातून ते खालच्या जलधरात, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या थरात, मुरलं, पंपाच्या ओढीने बोअरवेलीकडे सरकलं आणि तिथून नळांत गेलं. ‘असं घडल्याची दाट शक्यता आहे’ हा चौकशी आयोगाचा निष्कर्ष. नंतर तळ्यात रंग सोडून पाहिला तेव्हा तळं आणि बोअरवेल जमिनीखालून जोडलेली आहेत हे दिसलं. रुग्णांमधले आणि मेंढ्यांमधले जंतू जनुकीय तपासणीतही जुळले.

आता मूळ गृहीतक पाहा. बोअरवेल सुरक्षित समजायची कारण वर चिकणमातीचा जाड, अभेद्य थर आहे. पावसाचं किंवा ओढ्याचं पाणी त्यातून खाली जाऊ शकत नाही. नकाशावर हा थर एका रंगात सलग रंगवलेला असतो. जमिनीत तो तसा नसतो. कुठे पातळ होतो, कुठे कुणीतरी खणलेलं असतं, जुनी विसरलेली बोअर असते. शिवाय चोवीस तास चालणारा पंप स्वतःच पाणी आपल्याकडे ओढत असतो. पंपाने निर्माण केलेला तो उतार कोणत्याही भूगर्भशास्त्रीय नकाशावर काढलेला नसतो.

‘सुरक्षित’ दर्जा मिळवायला तीन अटी होत्या. पहिली, पाण्यावर पृष्ठभागाचा किंवा हवामानाचा परिणाम होत नाही हे दाखवायचं. त्याचा एक मार्ग म्हणजे पाण्याचं वय मोजणं: एक वर्षापेक्षा कमी काळ जमिनीखाली असलेलं पाणी ०.००५ टक्क्यांपेक्षा कमी हवं. वर्षभर अंधारात, थंडीत, उपाशी राहिलेले जंतू मरतात, हा त्यामागचा तर्क, आणि तो चुकीचा नाही. दुसरी, बोअरवेलीचं तोंड व्यवस्थित बंद असल्याचं तज्ज्ञाने तपासून सांगायचं. तिसरी, पाण्यात ई-कोलाय सापडता कामा नये. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की दर्जा मिळाला, आणि दर्जा मिळाला की शुद्धीकरण न करण्याची मोकळीक मिळाली.

या नियमाला मी सरसकट मूर्खपणा म्हणणार नाही. अटींमागे विज्ञान आहे, आणि खरोखर खोल, जुन्या पाण्याच्या विहिरी जगात आहेत. गोची वेगळीच झाली. त्या अटी म्हणजे त्या त्या वेळचं मोजमाप होतं, आणि त्यावरून मिळालेला दर्जा मात्र विहिरीचा कायमचा गुण समजला गेला. मग कार्यालयात जोखमीचा तक्ता भरायला बसलेल्या माणसाने काय लिहायचं? ‘स्रोत दूषित होण्याची शक्यता’ या रकान्यासमोर उत्तर आधीच छापलेलं: कमी, कारण सुरक्षित. जो प्रश्न विचारण्यासाठी तक्ता बनवला, तो प्रश्न तक्त्यापर्यंत पोहोचायच्या आधीच निकालात निघालेला.

दुसऱ्या अटीचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ब्रुकव्हेलच्या बोअरवेलींची तोंडं जमिनीखालच्या चेंबरमध्ये होती. पाऊस पडला की पाणी साचायची हीच जागा. बोअरच्या तोंडाची सुरक्षितता तपासून घेण्यात कौन्सिलने दिरंगाई केली, आणि ज्या सल्लागार कंपनीने तपासणी केली तिचं काम सक्षम नव्हतं, असे ताशेरे आयोगाने ओढले. देखभालीच्या नोंदीही नीट नव्हत्या. केबलची सील कधी बदलली, चेंबरमधलं पाणी कुणी काढलं, कधी काढलं, याची वही नसेल तर जोखीम मोजायची कशावरून?

आधीचे इशारे

हॅवलॉक नॉर्थला हा फटका पहिल्यांदा बसला असता तर त्याला दुर्दैव म्हणता आलं असतं. पण १९९८ मध्ये याच गावात, याच ब्रुकव्हेलच्या पाण्यातून, याच कॅम्पिलोबॅक्टरची साथ येऊन गेली होती. अठरा वर्षांत माणसं बदलली, कार्यालयं बदलली, आणि तो अनुभव कुणाच्या कामकाजात उरला नाही. २०१६ च्या कौन्सिलमध्ये त्या साथीची जाणीव ठेवून कुणी निर्णय घेत होतं असं चौकशीत दिसलं नाही.

दुसरा इशारा तर अगदी ताजा होता. ब्रुकव्हेलच्या तिसऱ्या बोअरवेलीत २०१५ मध्ये ई-कोलाय सापडला आणि त्या ऑक्टोबरमध्ये ती बंद करावी लागली. तीच जागा, तोच जलधर. पहिल्या दोन बोअरवेली मात्र ‘सुरक्षित’ म्हणून चालूच राहिल्या. एका बोअरवेलीत घाण आल्यावर शेजारच्या दोघींबद्दल संशय घ्यायला हवा होता. इथे तिसरी बंद केल्याचं समाधान मिळालं. पाणीखात्यात हा प्रकार जगभर चालतो. खराब नमुना आला की पुन्हा नमुना घ्यायचा. दुसरा चांगला आला की पहिला ‘नमुना घेण्यातली चूक’ म्हणून फाइलबंद करायचा. जमिनीतून येणारं दूषित पाणी सतत वाहत नाही, पावसासोबत झटका मारून जातं. त्यामुळे पुढचा नमुना स्वच्छ येणं हे काही पुरावा नव्हे. पण कार्यालयीन मनाला तो पुरेसा वाटतो.

नमुन्यांवर विसंबण्यातली मुख्य अडचण वेळेची आहे. ई-कोलाय वाढवून पाहायला प्रयोगशाळेला साधारण एक दिवस लागतो. कॅम्पिलोबॅक्टर तर नेहमीच्या तपासणीत शोधतही नाहीत. ई-कोलाय दिसला तर विष्ठेचा संपर्क आला असं समजायचं. नमुना रोजचा नसेल तर दोन नमुन्यांच्या मधल्या दिवसांत जे गेलं ते गेलं. आणि कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन ते पाच दिवस. म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल येतो तेव्हा त्यात लिहिलेलं पाणी लोकांनी प्यायलेलं असतं. याउलट गढूळपणा किंवा विद्युतवाहकता मोजणारं यंत्र पाइपावर बसवलं तर काही मिनिटांत सांगतं की पाणी बदललं. कशामुळे ते सांगत नाही, पण पंप थांबवायला एवढं पुरे असतं.

दोन कार्यालयांच्या मधली जागा

प्रकरणाचा हा भाग मला सगळ्यांत ओळखीचा वाटतो. नळाचं पाणी देण्याचं काम हेस्टिंग्ज डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं. आपल्या भाषेत नगरपालिकेचं म्हणा. नदी, ओढे, भूजल यांची राखण आणि उपसा करायचे परवाने देण्याचं काम हॉक्स बे रिजनल कौन्सिलचं. म्हणजे बोअरवेल एकाची आणि तिच्याभोवतीची जमीन, तळं, ओढा दुसऱ्याच्या अखत्यारीत. पावसाने ही सीमा दोन दिवसांत ओलांडली, कार्यालयांनी वर्षानुवर्षं ओलांडली नव्हती.

दोन्ही कौन्सिलांमध्ये सहकार्य नव्हतं, संबंध ताणलेले होते, हे आयोगाने स्पष्ट लिहिलं. रिजनल कौन्सिलने परवाने दिले खरे, पण जलधराच्या वर काय काय आहे, कुठली जुनी बोअर उघडी आहे, कुठे मातीचा थर फुटला आहे याची माहिती तिच्याकडे अपुरी होती. डिस्ट्रिक्ट कौन्सिलने ती मागितली नाही. साथीनंतरही सुरुवातीला एकाने दुसऱ्यावर खटला भरला. परवान्याच्या अटी मोडल्याचा तो खटला पुढे मागे घेतला गेला. गाव अजून आजारातून उठत होतं तेव्हाची ही गोष्ट.

तिसरा पक्ष म्हणजे आरोग्य खात्याचे पिण्याच्या पाण्याचे मूल्यमापक. योजना तपासणं, नियम पाळले जातात की नाही पाहणं हे त्यांचं काम. ते फार हात राखून वागले, असं आयोगाचं म्हणणं. जोखीम-मूल्यमापनात उणिवा होत्या, आणीबाणीची योजना नव्हती, तरी त्यांनी कौन्सिलला पुरेसं धारेवर धरलं नाही. समजुतीने, सल्ला देऊन काम करून घेण्याची रीत होती. ती रीत वाईट नाही. पण समोरचा वर्षभर उत्तरच देत नसेल तर सल्लागाराने निरीक्षक व्हायचं असतं.

खुद्द कौन्सिलमध्ये बोट मधल्या फळीवर ठेवलं गेलं. कामं वाटून दिली होती. ती झाली का हे कुणी पाहत नव्हतं. जलसुरक्षा योजना तयार करायला अक्षम्य उशीर झाला. आणि साथ आली तेव्हा हाताशी काय हवं होतं? कुणाला कोणत्या क्रमाने फोन करायचे त्यांची यादी, ‘पाणी उकळून प्या’ या सूचनेचा तयार मसुदा, वृद्धाश्रम आणि शाळांपर्यंत निरोप कसा पोहोचवायचा ते. यातलं नीट तयार काही नव्हतं. वृद्धांच्या गावात याची किंमत काय असते ते निराळं सांगायला नको. शाळा काही दिवस बंद राहिल्या आणि पाणी उकळण्याचा इशारा उठायला सप्टेंबर उजाडला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. या चुकांपैकी कुठल्याही एका चुकीमुळे साथ आली असं आयोगाने म्हटलेलं नाही. मेंढ्या, पाऊस आणि फुटका थर यांनी ती आणली. मात्र त्या चुका झाल्या नसत्या तर निकाल वेगळा लागू शकला असता, एवढं त्याने म्हटलं. मला हे विधान कुणा एकाला फासावर देण्यापेक्षा जास्त कठोर वाटतं. एक दोषी सापडला असता तर बाकीचे सुटले असते.

चौकशीने काय मांडलं

लिन स्टीव्हन्स या ज्येष्ठ विधिज्ञाच्या अध्यक्षतेखाली तिघांचा आयोग बसला. मे २०१७ मध्ये पहिला अहवाल आला, हॅवलॉक नॉर्थमध्ये नेमकं काय घडलं याचा. डिसेंबर २०१७ मध्ये दुसरा, सबंध देशाच्या पाण्याबद्दलचा. दुसऱ्या अहवालात पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेची सहा तत्त्वं दिली आहेत: काळजीची पातळी कमालीची उंच हवी, स्रोताचं रक्षण सर्वांत आधी, एकामागे एक अनेक अडथळे हवेत, दूषित होण्याआधी बदल घडतो, पाण्याच्या सुरक्षेची मालकी पुरवठादाराची, आणि जोखीम आधी ओळखून रोखायची, घडल्यावर धावायचं नाही.

यातलं चौथं तत्त्व दिसायला सगळ्यांत साधं आणि वापरायला सगळ्यांत उपयोगी आहे. साथी शून्यातून उगवत नाहीत. आधी काहीतरी बदललेलं असतं: मुसळधार पाऊस, पूर, शेजारी नवं बांधकाम, पंप बदलणं, क्लोरिनची टाकी दुरुस्तीला काढणं, अनुभवी माणूस निवृत्त होणं. हॅवलॉक नॉर्थमध्ये एका वर्षात असे किती बदल झाले ते मोजून पाहा. तिसरी बोअरवेल बंद झाली, म्हणजे उरलेल्या दोघींवर भार वाढला. तिच्या बंद होण्याचं कारणच जलधरात काहीतरी बिनसल्याची खूण होती. आणि मग तो पाऊस. पावसाचा अंदाज सगळ्यांना असतो, तो रेडिओवर सांगतात. ‘इतका पाऊस झाला की अमुक बोअर बंद, क्लोरिन चालू, नमुने रोज’ एवढी एक ओळ योजनेत असती आणि पंपावरच्या माणसाला ती पाळायचा अधिकार असता, तर ६ ऑगस्टलाच हालचाल झाली असती. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरिनला अजिबात टिकत नाही. बाकीच्या सगळ्या गफलती तशाच ठेवून फक्त थोडं क्लोरिन पाण्यात असतं, तरी बहुधा हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

‘अनेक अडथळे’ का म्हणायचं, तेही यातूनच कळतं. क्लोरिन सगळ्यांवर चालत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडणारा क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरिनला दाद देत नाही. त्याला गाळणी किंवा अतिनील किरण लागतात. म्हणून स्रोत राखायचा, गाळायचं, निर्जंतुक करायचं, पाइपात थोडं क्लोरिन शिल्लक ठेवायचं, आणि वर लक्षही ठेवायचं. एक अडथळा पडला तरी दुसरा उभा असावा. हॅवलॉक नॉर्थमध्ये अडथळा एकच होता, मातीचा थर, आणि तो कौन्सिलच्या हातातला नव्हता.

हे धडे नवे नव्हते, ही यातली चीड आणणारी गोष्ट. मे २००० मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या वॉकर्टन गावात जवळजवळ असंच घडलं होतं: उथळ विहीर, शेजारी गुरांचं शेण, मोठा पाऊस, ई-कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर. तिथे सात मृत्यू आणि दोन हजार तीनशेवर आजारी. फरक एवढाच की वॉकर्टनमध्ये क्लोरिन होतं, पण चालवणारे कमी घालायचे आणि वहीत ठोकून आकडे लिहायचे. न्यायमूर्ती ओ’कॉनर यांचा तो चौकशी अहवाल २००२ पासून जगभरच्या पाणीखात्यांत वाचला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००४ मध्ये स्रोतापासून नळापर्यंतच्या जलसुरक्षा योजनेला आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत मध्यवर्ती जागा दिली. वाचायला सगळं उपलब्ध होतं.

पैशाचं बोलायचं तर या साथीचा समाजाला आलेला खर्च सुमारे २ कोटी १० लाख न्यूझीलंड डॉलर असा अंदाज निघाला. त्यातला मोठा वाटा घराघरांत गेला: बुडालेले कामाचे दिवस, आजाऱ्याशेजारी बसलेली माणसं. पाणीपट्टी वाचवल्याचं श्रेय कौन्सिलच्या खात्यात जमा होतं. हा खर्च मात्र तिच्या जमाखर्चात कधीच दिसत नाही.

आपल्याकडची कार्डं

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले, पुढे संख्या दोनशेच्या वर गेली. रुग्णांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले, आणि चर्चा विहिरीच्या, टँकरच्या आणि क्लोरिनच्या प्रमाणाकडे वळली. हॅवलॉक नॉर्थमध्ये जीबीएस तिघांना झाला होता. परिस्थिती पुष्कळ वेगळी. महापालिकेत नव्याने आलेली गावं, वाढत्या सोसायट्या, सांडपाण्याच्या अर्धवट वाहिन्या यांचं हॉक्स बेमध्ये नावही नाही. पण जंतू तोच, आणि ‘विहिरीचं पाणी आहे, चांगलंच असणार’ हा भरवसाही तोच.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात याबाबत एक चांगली पद्धत आहे, जिची शहरांत फारशी कुणाला माहिती नसते. पाणी स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. विहिरीभोवती कट्टा आहे का, जवळ उकिरडा आहे का, गळती आहे का, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर साठ्यात आहे का, असं प्रत्यक्ष जाऊन पाहायचं असतं. जलसुरक्षक ओटी चाचणी करून नळाच्या पाण्यात क्लोरिन उरलंय का ते बघतो. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. कल्पना म्हणून ही जलसुरक्षा योजनाच आहे, आणि ती पाण्याच्या नमुन्याऐवजी जागेकडे पाहायला लावते हे तिचं बलस्थान.

हॅवलॉक नॉर्थ वाचल्यावर मात्र हिरव्या कार्डाकडे बघताना थोडं सावध व्हायला होतं. सर्वेक्षणानंतर वादळी पाऊस झाला, विहिरीशेजारी कुणी गोठा बांधला, जलसुरक्षकाचं मानधन थकलं आणि त्याने यायचं सोडलं, तर कार्डाचा रंग पुढच्या सर्वेक्षणापर्यंत तसाच राहतो. चंदेरी कार्डाची तर मला जास्तच धास्ती वाटते. पाच वर्षांच्या चांगल्या कामाचा तो सन्मान आहे आणि तो द्यायलाच हवा. पण ज्या दिवशी सरपंच ‘आपलं चंदेरी आहे’ म्हणून टीसीएलची खरेदी पुढे ढकलेल, त्या दिवशी ते ब्रुकव्हेलच्या ‘सुरक्षित’ दर्जासारखंच काम करू लागेल.

पुढे काय झालं

न्यूझीलंडमध्ये आयोगाने ‘सुरक्षित बोअर’ हा दर्जाच रद्द करावा आणि शुद्धीकरण सार्वत्रिक करावं अशी शिफारस केली. २०२१ मध्ये तौमाता अरोवाई नावाचा स्वतंत्र जलनियंत्रक स्थापन झाला आणि त्याच वर्षी नवा जलसेवा कायदा आला. आता नळयोजनेच्या पाण्यात जंतू मारणारं द्रव्य, व्यवहारात क्लोरिन, शिल्लक असावंच लागतं. ज्याला ते नको त्याने नियंत्रकाकडे सूट मागायची.

यावर सगळ्यांत मोठी धुसफूस झाली ती क्राइस्टचर्चमध्ये. तिथलंही पाणी जमिनीखालचं, तिथेही क्लोरिन न घालण्याचा पिढीजात अभिमान. हॅवलॉक नॉर्थनंतर तिथल्या बोअरवेलींची तोंडं पुन्हा तपासली गेली, ‘सुरक्षित’ दर्जा गेला आणि २०१८ मध्ये ‘तात्पुरतं’ म्हणून क्लोरिन सुरू झालं. लोक वैतागले. वास, चव, कोरडी पडणारी त्वचा अशा तक्रारी झाल्या, निवडणुकीत हा मुद्दा गाजला, आणि शहराने बोअरवेलींची तोंडं जमिनीवर आणण्यावर मोठा खर्च करून सूट मिळवण्याची खटपट चालवली.

त्यांची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. चांगल्या पाण्याची चव गमावणं हे खरं नुकसान आहे, आणि नेदरलँड्समध्ये क्लोरिन न घालता पाणी उत्तम प्रकारे पुरवलं जातं. फक्त तिथे क्लोरिनच्या जागी बाकी इतके अडथळे, इतकी तपासणी आणि गळती नसलेले पाइप आहेत की सूट ही कमाई ठरते. नव्या कायद्याने न्यूझीलंडमध्ये नेमका हाच हिशेब उलटा केला आहे. २०१६ पर्यंत पाणी असुरक्षित असल्याचा पुरावा मिळेपर्यंत बोअरवेल सुरक्षित मानली जायची. आता क्लोरिन टाळायचं असेल तर स्रोत, तोंड, पाइप, यंत्रं आणि पावसाच्या दिवशीचा कारभार यांपैकी प्रत्येकाचा पुरावा पुरवठादाराने आणून द्यायचा आहे.